१९६७ च्या नियमांवर स्वतःची ग्रां प्री कार डिझाइन करतोय, इंजिन आणि टायरबद्दल सल्ला हवा

चौथा_गिअर

मंडळी नमस्कार. एका ऑनलाइन सिम लीगमध्ये (कॉम्प्युटरवरच्या शर्यतींची स्पर्धा) भाग घेतोय. प्रत्येकाने १९६७ च्या ग्रां प्री नियमांत बसेल अशी काल्पनिक गाडी स्वतः बनवायची, आणि मग असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये त्याच गाड्यांवर पूर्ण सीझन खेळायचा. नियम थोडक्यात असे: ३ लिटर, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) नाही, किमान वजन ५०० किलो, विंग (गाडी खाली दाबणारा पंख) नाही, ट्रेड (खाचा) असलेले क्रॉसप्लाय टायर (आतले थर तिरपे एकमेकांवर असलेला जुना प्रकार), आणि खऱ्या गाडीची नक्कल चालणार नाही. शिवाय डेटा फाइलमधल्या महत्त्वाच्या आकड्यांमागचं कारण लिहून द्यायचंय, परीक्षक ते तपासणार. शर्यती लांब आहेत, मधे इंधन भरता येणार नाही, आणि ट्रॅक त्या काळातलेच, म्हणजे जुना १४ किलोमीटरचा स्पा, मोनॅको, शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम घातलेलं नागमोडी वळण) नसलेला मॉन्झा वगैरे.

माझं आत्तापर्यंतचं काम असं. व्ही १२ इंजिन (बारा सिलिंडर व्ही आकारात), बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५६.५ मिमी, ११,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ५०० हॉर्सपॉवर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बॉडी निम्मी झालीय, नाक जरा चपटं पाचरीसारखं केलंय कारण हवेला बरं पडेल असं वाटतं. गाडी सरळ रस्त्यावर तुफान पळते, वळणात शिरतेही छान, पण बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागचा भाग झटकन निघून जातो आणि मग सावरायला वेळच मिळत नाही. स्प्रिंग कडक करून बघितले तर आणखीच बिघडलं.

तर प्रश्न असा की इंजिनाचे हे आकडे त्या काळाला शोभतात का, आणि मागचा भाग असा का सुटतोय. बॉडीबद्दलही काही सुचत असेल तर सांगा, अजून बदलता येईल.

जुनी_इंजिनं

विषय मनापासून आवडला म्हणून सविस्तर लिहितोय.

५०० हॉर्सपॉवर १९६७ ला नाही चालणार. ३ लिटरमधून एवढी ताकद फेरारीच्या फ्लॅट १२ ने दिली ती १९७५ च्या ३१२टी च्या सुमारास, आणि तेही १२,००० च्या वर फिरून. म्हणजे तू आठेक वर्षं पुढे गेलायस. पण नुसतं जास्त आहे म्हणून सोडून देऊ नको, कुठे जास्त आहे ते शोध, कारण परीक्षकांना तेच लिहून द्यायचंय ना.

मी दोन गोष्टी तपासतो. पहिली म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग. स्ट्रोक मीटरमध्ये घे, दोनने गुण, आरपीएमने गुण आणि ६० ने भाग. कॉसवर्थ डीएफव्ही हे व्ही ८ इंजिन, जे १९६७ ला झांडव्होर्टला लोटस ४९ मध्ये पहिल्यांदा उतरलं आणि जिम क्लार्कने तीच शर्यत जिंकली, त्याचा स्ट्रोक ६४.७७ मिमी आणि ९,००० आरपीएम, म्हणजे साधारण १९.४ मीटर प्रति सेकंद येतात. त्या वर्षीचं सगळ्यात पुढारलेलं इंजिन ते. तुझं ५६.५ मिमी आणि ११,५०० ला २१.७ येतंय. तेव्हाचे कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व स्प्रिंग धरले तर हे फार होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सरासरी प्रभावी दाब, म्हणजे इंजिन श्वास किती चांगला घेतंय याचं माप. किलोवॅट गुणिले १२००, भागिले लिटर गुणिले आरपीएम, उत्तर बारमध्ये. डीएफव्हीचे सुरुवातीचे ४०८ हॉर्सपॉवर घेतले तर साडेतेरा बार येतात. तुझं १३ च्या आसपास येतं, म्हणजे तिथे तू हद्दीत आहेस. गडबड आहे ती फक्त फिरण्याच्या वेगात. १०,००० वर थांब, दाब १२ बार धर कारण व्ही १२ मध्ये घर्षण जास्त, मग बरोबर ४०० हॉर्सपॉवर निघतात आणि पिस्टनचा वेग १८.८ वर येतो. हे कुणालाही समजावून सांगता येईल.

आता माझं मत विचारशील तर मी व्ही ८ घेतलं असतं. १९६७ चा निकाल बघ. क्लार्कने चार शर्यती जिंकल्या, ब्रॅबम संघाच्या डेनी हल्मने दोनच, मोनॅको आणि न्युर्बुर्गरिंग, आणि विजेतेपद हल्मचं. ५१ गुण हल्मचे, ४६ त्याच्याच संघाच्या जॅक ब्रॅबमचे, ४१ क्लार्कचे. ब्रॅबमच्या रेप्को व्ही ८ मध्ये डीएफव्हीपेक्षा ताकद बरीच कमी होती, पण गाडी हलकी, साधी, आणि शेवटपर्यंत पोचणारी. उलट बाजूला बीआरएमचं एच १६ बघ, दोन आडवी आठ सिलिंडरची इंजिनं एकावर एक ठेवलेली, वजनदार आणि सारखं बंद पडणारं, आणि त्याला एकच जिंकणं मिळालं, तेही १९६६ ला वॉटकिन्स ग्लेनला लोटसच्या गाडीत. होंडाची आरए२७३ तर किमान वजनापेक्षा बरीच जड होती. ३ लिटरच्या पहिल्या दोन वर्षांत ताकदीच्या मागे लागलेल्या बहुतेकांनी वजन आणि भरवसा दोन्ही घालवलं. तुमच्या लीगमध्ये इंजिन तापणं, बिघडणं चालू ठेवलं असेल तर हा विचार नक्की कर.

अपेक्सवाली

इंजिनावर वर छान लिहिलंय, मी मागच्या भागाबद्दल सांगते.

आधी टायर. तू बहुतेक कुठल्या तरी मॉडर्न गाडीची टायर फाइल घेऊन ग्रिप कमी केलीस, बरेच जण तेच करतात. पण क्रॉसप्लाय म्हणजे कमी ग्रिपचा स्लिक (गुळगुळीत रेसिंग टायर) नव्हे, त्याचा स्वभावच निराळा. स्लिक लहान स्लिप अँगलला (चाकाचं तोंड आणि त्याची खरी दिशा यांतला कोन) सगळी पकड देतो आणि त्याच्या पुढे गेलास की लगेच सोडून देतो. क्रॉसप्लायची साइडवॉल लवचिक, तो ९–१० अंशांपर्यंत हळूहळू चढतो, वरती एक रुंद सपाट भाग असतो आणि नंतर उतरतो तोही सावकाश. त्या वेळचे ड्रायव्हर चारही चाकांवर गाडी सरकवत वळण घ्यायचे ते याच सपाट भागावर. म्हणून फाइलमध्ये फ्रिक्शन लिमिट अँगल (पकड शिखराला पोचते तो कोन) वाढव, फॉलऑफ स्पीड (पुढे पकड किती झटकन घटते) कमी कर आणि फॉलऑफ लेव्हल (घटून किती उरते) बऱ्यापैकी वर ठेव. बाजूची ग्रिप मी १.२ ते १.३ च्या मधे ठेवते, त्याच्या वर गेलं की गाडी जुनी वाटतच नाही. निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) पण फार देऊ नको, हे टायर उभे चालायला आवडतात.

मग स्प्रिंग. कडक केल्यावर बिघडलं म्हणतोस ते अगदी बरोबर आहे, बिघडणारच. डाउनफोर्स (हवेचा खालच्या दिशेने दाब) नाही म्हणजे गाडी जमिनीला चिकटवून ठेवायला कडक स्प्रिंगची गरजच नाही. हिशोब करून बघ ना: गाडी ५००, ड्रायव्हर ७५, इंधन निम्मं संपलेलं धर म्हणजे ६० किलो, एकूण ६३५. साठ टक्के मागे, म्हणजे ३८०. त्यातून मागची चाकं, हब, टायर यांचे ८० एक किलो वजा कर, एका चाकावर उरले दीडशे. स्प्रिंगवर गाडी हलण्याची फ्रीक्वेन्सी १.८ हर्ट्झ धरली तर व्हील रेट (चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा) येतो साधारण १९ न्यूटन प्रति मिलिमीटर. बास, एवढंच. तुझ्या फाइलमध्ये किती आहे बघ, मला वाटतं तिप्पट-चौपट निघेल. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) तर मी सुरुवातीला पूर्ण काढूनच टाकते आणि पुढचा तेवढा ठेवते, मग लागला तर बारीकसा मागे लावते.

डिफरन्शियलचं पॉवर लॉक (थ्रॉटलवर दोन्ही मागची चाकं किती एकत्र बांधली जातात ते) पण बघ, मॉडर्न गाडीचं तसंच राहिलं असेल तर दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि तुला जे होतंय ना, झटकन जाणं, ते नेमकं असंच दिसतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे इनर्शिया. कार फाइलमध्ये एका खोक्याची लांबी-रुंदी-उंची देतो आपण, त्यावरून गाडी किती जडपणे फिरते ते ठरतं. दुसऱ्या गाडीची फाइल घेतली की तो आकडा तसाच राहतो. तुझं व्ही १२ लांब आहे, रेडिएटर पुढच्या टोकाला, गिअरबॉक्स मागच्या टोकाला, म्हणजे गाडी फिरायला जरा जड आणि एकदा फिरली की थांबवायलाही जड. हे खरं खरं भरलंस तर गाडी आपोआप सांगायला लागते की आता मी जाणार आहे, आणि तुला तो वेळ मिळतो.

क्रॅंकशाफ्ट

व्ही ८ घे असं सरसकट सांगणं मला पटत नाही. हल्मने विजेतेपद नेलं खरं पण त्याच सीझनमध्ये स्पाला गर्नीने ईगल-वेस्लेकच्या व्ही १२ वर जिंकलं, होंडाच्या व्ही १२ वर सर्टिसने मॉन्झा घेतलं, आणि क्यालामीला रॉड्रिगेझ कूपर-मासेराटी व्ही १२ वर पहिला आला. म्हणजे तीन वेगवेगळ्या व्ही १२ एकाच वर्षी जिंकल्या. व्ही १२ घ्यायचं असेल तर त्याचं ओझंही गाडीत दिसायला हवं एवढंच. डीएफव्ही आखूड आणि ताठ होतं म्हणून मोनोकॉकच्या (पत्र्याच्या पेटीसारख्या सांगाड्याच्या) मागे थेट बोल्टने जोडून चॅसीचाच भाग करता आलं, लांब व्ही १२ ला सहसा मागे आधार देणारी फ्रेम किंवा मोनोकॉकचे लांब हात लागायचे. वजन वाढतं. त्यात १२ सिलिंडर पितातही जास्त. म्हणून ५०० किलोवर व्ही १२ दाखवू नको, ५४०–५५० लिही आणि कारण दे, परीक्षकांना खरं वाटेल.

इंधनाचा मुद्दा मोठा आहे. किमान वजन इंधनाशिवायचं, मधे भरणं नाही, तर सुरुवातीला १८० लिटर घेतलं की ०.७४ ने गुणून १३३ किलो होतात. ५५० किलोच्या गाडीला १३३ किलो म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा! पहिल्या लॅपची गाडी आणि शेवटच्या लॅपची गाडी दोन वेगळ्या गाड्या असतात. टाकी कुठे आहे ते फाइलमध्ये देता येतं तर ती ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना, गुरुत्वमध्याच्या जवळ ठेव, मागे टाकलीस तर सुरुवातीला मागचा भाग लोंबकळेल आणि शेवटी पुढचा टायर मरेल. टेस्टिंग भरलेल्या टाकीवर कर, लोक पाच लिटरवर लॅप टाइम काढत बसतात आणि शर्यतीत कोड्यात पडतात.

रेषा_आणि_रिव्हेट

बॉडीबद्दल मी बोलते कारण मॉडेलिंग माझा प्रांत.

पाचरीसारखं नाक काढून टाक, प्लीज. ग्रां प्रीत ती कल्पना गाजली लोटस ७२ मुळे, १९७० ला, आणि तिथे ते जमलं कारण रेडिएटर नाकातून काढून दोन्ही बाजूंना नेले होते. तुझा रेडिएटर पुढे आहे ना, मग नाकाला तोंड हवं, गोल किंवा लंबगोल, आणि आत गेलेली हवा बाहेर पडायला जागा हवी. तिथून पाण्याचे आणि तेलाचे पाइप मागे इंजिनापर्यंत जातात, ते दाखव, काही गाड्यांत ते बाहेरूनच जायचे आणि मॉडेलमध्ये सुंदर दिसतात. नाकावर छोटे पंखसुद्धा नको, ते १९६८ ला आले, उंच विंगही त्याच वर्षी आल्या.

मला या काळातल्या गाड्यांचं सगळ्यात जास्त प्रेम कशाचं असेल तर त्या कशा बनल्या ते उघडं दिसतं. मोनोकॉक म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून रिव्हेट मारलेला, तो एकाच दिशेने छान वाकतो. दोन्ही दिशांनी फुगलेला आकार पत्र्यात काढायला हातोडीचं फार काम, म्हणून असे आकार नाक आणि कॉकपिटभोवतीच्या भागात, जिथे फायबरग्लास वापरायचे. तुझ्या बॉडीच्या प्रत्येक पॅनेलला विचार की हे पत्रा आहे की फायबरग्लास. पत्रा असेल तर सरळ नळकांड्यासारखे पृष्ठभाग, रिव्हेटच्या ओळी आतल्या बल्कहेडवर (सांगाड्यातल्या आडव्या भिंतींवर) यायला हव्यात, कुठेही ठिपके मारल्यासारख्या नकोत. रिव्हेट नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणा नुसता भासवणारं चित्र) कर, मेशमध्ये (मॉडेलच्या खऱ्या जाळीत) नको, उगाच पॉलिगॉन वाया जातात. सस्पेन्शनचे दांडे मात्र खऱ्या मापाचे आणि सस्पेन्शन फाइलमधल्या बिंदूंवरच बसव, चालताना कॅमेऱ्यात लगेच कळतं.

ड्रायव्हर विसरू नको. मागे रेललेला, हात जवळजवळ सरळ, मोठं बारीक कड्याचं स्टीअरिंग, उघड्या तोंडाचं हेल्मेट आणि गॉगल. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट ग्रां प्रीमध्ये गर्नीने आणलं ते १९६८ ला. रंग देशाचा द्यायचा, स्पॉन्सरचे रंग १९६८ पासूनचे. ब्रिटिश हिरवा, इटालियन लाल, फ्रेंच निळा, बेल्जियन पिवळा, डच नारिंगी. तुझा काल्पनिक संघ कुठल्या देशाचा ते आधी ठरव, नंबर पांढऱ्या गोलात.

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं.

अपेक्सवाली ताई, मागचा व्हील रेट ७० निघाला. तो १९ वर आणला, मागचा बार काढला, डिफचं पॉवर लॉक बरंच खाली घेतलं आणि टायरची कर्व्ह तुम्ही सांगितली तशी केली. गाडी पूर्ण बदलली. आता मागचा भाग निघतो पण हळूहळू, आणि थ्रॉटलवरच धरून ठेवता येतो, एवढी मजा या गाडीत पहिल्यांदा आली. इनर्शियाचा आकडा खरंच दुसऱ्याच गाडीचा होता.

इंजिन व्ही १२ च ठेवतोय, १०,००० आरपीएम, ४०० हॉर्सपॉवर, वजन ५४५. संघ बेल्जियन, पिवळा. नाक पुन्हा काढतोय.

आता हवेचं. लिफ्ट (हवेने गाडी उचलली जाणं) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) किती धरायचं? आणि पाच गिअर कसे बसवायचे, स्पाला आणि मोनॅकोला एकाच सेटवर जमेल असं वाटत नाही.

जुनी_इंजिनं

७० वरून १९! वाचूनच बरं वाटलं.

ड्रॅग उलटा हिशोब करून काढ. ४०० हॉर्सपॉवर म्हणजे २९८ किलोवॅट, गिअरबॉक्स आणि चाकांच्या घर्षणात जाणारे वजा केले की हवेसाठी २५० च्या आसपास उरतात. उघडी चाकं, उघडं सस्पेन्शन, बाहेर आलेलं डोकं, अशी गाडी २९० किमी प्रतितासला अडकायला हवी असं धर, तर ड्रॅग गुणांक गुणिले क्षेत्रफळ साधारण ०.८ चौरस मीटर येतं. तुझी आधीची गाडी तुफान पळत होती त्यात नुसती ताकद नसणार, ड्रॅगही कमी असणार, बघ एकदा.

लिफ्ट थोडी दे, शून्य ठेवू नको. या गाड्या वेगात हलक्या व्हायच्या, चढ संपताना पुढचा भाग तरंगायचा, आणि जुन्या स्पाच्या लांब वेगवान वळणांत ड्रायव्हरला ते सांभाळावंच लागायचं. पुढे जरा जास्त, मागे कमी.

क्रॅंकशाफ्ट

गिअर मी सांगतो. मागच्या टायरची त्रिज्या ०.३३ मीटर धर, परीघ २.०७. ताशी २९० म्हणजे सेकंदाला ८०.६ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला २,३३० वेळा फिरतं. १०,००० ला भागलं की पाचव्याचं एकूण गुणोत्तर ४.२९ येतं. हा तुझा स्पा आणि मॉन्झाचा पाचवा. पण मॉन्झाला नेमकं १०,००० ला पाचवा संपवू नको, तिथे दुसऱ्याच्या मागे हवेच्या सावलीत लागलास की गाडी आणखी पळते आणि लिमिटरला आपटली की ओव्हरटेकच संपला, म्हणून तीनशे-चारशे आरपीएम शिल्लक ठेव. मोनॅकोला पूर्ण वेगळा सेट कर, तेव्हाचे संघही ट्रॅक बघून गिअर बदलायचे त्यामुळे नियमाला धरूनच आहे. तिथे पहिला हेअरपिनसाठी आणि वरचे चार जवळ जवळ, कारण व्ही १२ ला खाली दम कमी, ७,००० च्या खाली सुई गेली की गाडी झोपते. ती पडू द्यायची नाही एवढं बघून प्रत्येक गिअरमधलं अंतर ठरव.

दोन्ही सेट झाले की फाइल इथे टाक, मी भरलेल्या टाकीवर स्पाला वीस लॅप मारून बघतो आणि टायर किती खातेय ते सांगतो.